मला की मले

शाळेतून मौद्याला जाताना बसच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून पुढच्या सीटवरच्या दादाने फोन स्पीकरवर टाकला, आणि आमच्या अख्ख्या बसची मजा झाली!

"पियुष, लॉगिन तपासणारा आपला रेडियस सर्व्हर सगळ्यांनाच रिजेक्ट करून राहिला. अर्ध्या मौद्याचं इंटरनेट बंद आहे गा!"

"सुरुची, काल मी नवा राउटर लावला ना, त्यात एक गुप्त शब्द टाकला. सर्व्हरमध्येही तोच पाहिजे, अक्षर न् अक्षर."

"मंग सांग ना शब्द."

"मी आल्यावर टाकतो."

"लोकं ऑफिसात येऊन भांडून राहिले! सांग लवकर."

"इंग्रजी अक्षरांत लिही... मला सुरुची आवडते."

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"हॅलो? सुरुची?"

"टाकलं. रिजेक्ट."

"मले?"

"सर्व्हरनं रिजेक्ट केलं, येड्या! राउटरमध्ये तू 'मला' लिहिलं का 'मले'?"

"...मले."

"मंग फोनवर काहून पुण्याचा झाला? नीट सांग, जोरात."

"मले सुरुची आवडते!"

कंडक्टरकाका तिकीट फाडायचे थांबले.

"काय आलं वं?"

"ॲक्सेप्ट."

"सर्व्हरचं?"

"त्याचंही."