जालन्यात आलेल्या दोन दुर्बिणी

मला विचारतात, डॉक्टर, तुम्ही हीच दुर्बीण का घेतली? अरे, मी घेतलीच कुठं!

लेकरांच्या मेंदूतलं साचलेलं पाणी दुर्बिणीनं मोकळं करायचं, म्हणून जालन्यातल्या आमच्या दवाखान्यासाठी मशीन बघून राह्यलो होतो. तर दोन कंपन्यांचे लोक, एक पुण्याचा, एक मुंबईचा, एकाच दिवशी टपकले. पुणेकरानं नारळाला भोक पाडून आत दुर्बीण घातली, टीव्हीवर खोबरं बिलकुल साफ दिसलं. मुंबईकराचं चित्र कामापुरतं. माझं मनात पुणेकराचीच घ्यायचं ठरलं. पण दोघांची उणीदुणी थांबेनात. डोकं उठलं. म्हटलं, "चला, आधी चहा घेऊ."

पुणेकर असला संशयी, की मुंबईकरानं हात लावू नये म्हणून आपली मशीन पेटीत भरून गाडीत ठेवून आला. त्यानं जास्तीचा आणलेला एक नारळ तेवढा टेबलावर राह्यला.

परत येतो तर थिएटर झाडणाऱ्या कौसामावशींनी मुंबईकराच्या मशीनला हळदीकुंकू लावून नारळ फोडलेला!

"मावशी, मशीन अजून घेतली न्हाई!"

"मंग नारळ कशाला आणल्ता? अन् पूजा झालेली वस्तू परत धाडता का, साहेब?"

तिकडं तीर्थपुरीहून आलेला एका लेकराचा बाप मशीनच्या पाया पडून राह्यला. आता कुठल्या तोंडानं परत पाठवू?

मुंबईकर हात जोडून हसतोय, अन् पुणेकर तोंडात प्रसाद धरून ओरडतोय, "सर, पण नारळ माझा होता!"