मानपाड्याचा बसस्टॉप

सायलीचं विचारलंत म्हणून सांगते. नववीत असताना ती अचानक शाळेत यायची बंद झाली. डोंबिवलीतल्या तिच्या घराला कुलूप आणि फोनही बंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आईबापाचं बिनसलं. आई पोरीला घेऊन गेली."

सायलीला खुणा सोडायची सवय होती. कुणाचा डबा लपवला तरी बाकाखाली खडूने बाण काढायची. म्हणून मी आणि आमच्या तिघींतल्या मृणालने तिच्या बाकाखाली वाकून पाहिलं. बाण होता, आणि त्याच्यापुढे पाणीपुरीचं चित्र.

आमचा पाणीपुरीवाला म्हणाला, "बोलके गयी है. संडे सुबह, मानपाडा बसस्टॉप."

रविवारी आम्ही तिच्या आवडीच्या खोबऱ्याच्या वड्या घेऊन मानपाड्याला गेलो. दुपारपर्यंत थांबलो. "येडं बनवलं हिने आपल्याला," मृणाल म्हणाली. वड्या आम्हीच खाल्ल्या.

दिवाळीनंतर सायलीचा फोन आला, लातूरहून.

"त्याच रविवारी निघालो आम्ही. एकदा भेटायचं होतं. तुम्ही आलाच नाहीत."

"आलेलो अगं, मानपाड्याला."

"खोटं नको बोलूस. मावशीच्या बिल्डिंगखालीच तर स्टॉप आहे. तिथेच उभी होते मी."

"मावशी कुठे राहते?"

"ठाण्याला. घोडबंदर रोड, मानपाडा."

आम्ही डोंबिवलीच्या मानपाड्याला उभ्या होतो. ते सांगितल्यावर तिने विचारलं,

"काही आणलेलं का माझ्यासाठी?"

"खोबऱ्याच्या वड्या. आम्हीच खाल्ल्या."

"मी तुमच्यासाठी पॅटिस आणलेले," ती म्हणाली. "तिन्ही मीच खाल्ले. थंडगार झालेले."