माझ्या वरातीची चाल

...आणि वर नात मलाच विचारते, "आबा, तुम्हाला हे इंग्लिश गाणं कसं येतं?" आता तुम्हाला सांगतो, ती चाल मी ऐकतोय माझ्या लग्नापासून, निघोज्यात देवळापुढून वरात निघाली तेव्हापासून, आणि ही दीक्षा, आत्ता कुठं निगडीला गिटारच्या क्लासला जायला लागली, ती मला सांगते की हे रॉक आहे म्हणून. माणसाला संशय येणार की नाही?

थांबा, नीट सांगतो. बँड होता राजगुरुनगरच्या उद्धवरावांचा. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. मी घोड्यावर बसलो आणि त्यांनी ती चाल काढली... खाली उतरत उतरत जाते, एकदम थांबते, वाटतं संपली, आणि पुन्हा अशी उसळते की घोडासुद्धा बिचकला. उद्धवराव जवळ येऊन म्हणाले, "अर्जुनराव, ही तुमच्या मंजुळाबाईंसाठी नवी बांधलीय. दुसऱ्या कुनाच्या वरातीत वाजवायचो न्हाई."

आता मी कंपनीत हेल्पर, एका खोलीत संसार, बायकोच्या अंगावर दागिना असा काही घालू शकलो नाही. पण मंजुळा रुसली की म्हणायचो, "अगं, साऱ्या पंचक्रोशीत स्वतःची चाल असलेली बाई दुसरी आहे का?" की ती हसायची. तेवढी एकच वस्तू होती माझ्याकडं द्यायला.

आणि तीच चाल आता बघावं तिथं. कुणाचा फोन वाजला, तीच. व्यायामशाळेवरून गेलो, तीच. मुलगा रविराज चाकणला कंपनीत आहे, त्यांच्या गॅदरिंगला गेलो तर तिथंही तीच, आणि टाय लावलेला, टक्कल पडलेला मोठा साहेब मान अशी हलवत होता की मला वाटलं, मुंगी चावली. सगळ्यांना माहीत, आणि फक्त मला माहीत नाही की ती सगळ्यांना माहीत आहे... संशय येणार की नाही?

दीक्षानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "आबा, तिकडं परदेशात कारखान्यांच्या एका गावात चार पोरं होती. दिवसा शिफ्ट करायची, संध्याकाळी गॅरेजमध्ये वाजवायची. कारखान्यातल्या प्रेस मशीनचा ठोका ऐकून ही चाल सुचली म्हणे." सुचली असेल. मीपण प्रेसवरच होतो, मला फक्त डोकेदुखी सुचली. पुढं म्हणे ते चौघं कोर्टात गेले, चाल मी केली की तू केली म्हणून. बघा, म्हणजे त्यांच्यातसुद्धा संशय. मग मी म्हटलं, यांचं चौघांचंही खोटं असणार, एखादा गोरा आला असेल राजगुरुनगरला, उभा राहिला असेल वरात बघत, आणि गेला असेल घेऊन. तर दीक्षा म्हणते, "आबा, गाणं तुमच्या लग्नाच्या आधीचं आहे."

झालं. संशय फिरला तो थेट उद्धवरावांवर. दुसऱ्या दिवशी बस धरून राजगुरुनगर गाठलं. म्हातारा ओट्यावर उन्हाला बसलेला, तोंडात दात नाहीत. मी चाल गुणगुणली.

"व्हय व्हय, ती व्हय," म्हणाले. "देहूरोडला एका सायबाच्या पार्टीत वाजवायला गेलतो. त्यानं रेकॉर्ड लावली. झ्याक वाटली, उचलली."

"आणि मंजुळासाठी बांधली म्हणालात, ते?"

"आरं बाबा, परत्येक नवरदेवाला तेच सांगायचो. खूश व्हायचा गडी."

म्हणजे विचार करा, खेड तालुक्यात किती म्हातारे आपापल्या बायकोला सांगत बसले असतील...

घरी येतो तर दीक्षा तीच चाल वाजवतेय आणि मंजुळा समोर मेथी निवडतेय. हिला कळलं तर माझ्याकडं राहिलं काय? म्हटलं, "पोरी, दुसरं काहीतरी वाजव. ते नको."

मंजुळा म्हणाली, "वाजवू द्या की. माझ्या थोरल्या बहिणीच्या वरातीत पण उद्धवरावांनी हीच वाजवली होती. लई नाचले होते मी."

म्हटलं, "म्हणजे... तुला माहीत होतं? लग्नाच्या आधीपासून?"

"व्हय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

मेथीवरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही लई जीव लावून सांगायचा. म्हटलं, सांगू द्या."

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून गाण्यावरचा माझा संशय गेला. पण ही मला म्हणते ना, की तुमच्यासारखा चहा कुणाला जमत नाही, रात्री तुमचं घोरणं मला ऐकूच येत नाही, घोड्यावर तुम्ही काय रुबाबदार दिसत होता... आता त्या एकेकाचा संशय यायला लागलाय. विचारत मात्र नाही. म्हटलं, सांगू द्या.