सेनापतीच्या वाट्याचं मीठ

अलेक्झांड्रियात फलाफलवाल्या चाचांच्या गाडीसमोरच्या रांगेत माझ्यामागे शहीरा आणि तिचा मोठा भाऊ बासिल उभे होते. दोघांच्या तोंडी दर गुरुवारच्या त्यांच्या पटावरच्या लढाईच्या खेळाचाच विषय होता.

"शहीरा, तुझी तीन पात्रं मी मारली. चौथं मेलं की खेळातून बाहेर. चौथ्याचा पेशा ठरला?"

"ठरला. जमात तीच, सावाक."

"सावाक म्हणजे जातिवंत लढवय्ये! योद्धा घे, नाहीतर तिरंदाज."

"आचारीण घेतेय."

"माझ्या सावाक सेनापतीसमोर पळी नाचवणार?"

"दादा, सावाकांचे कायदे कुणी रचले?"

"मी!"

"मिठाचा कायदा सांग."

"ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावर सावाक कधीच शस्त्र उचलत नाही."

"आणि वाढलेलं नाकारलं तर?"

"तो भ्याड... ए, थांब हं!"

"सेनापतीला आज माझ्या तंबूत जेवण आहे."

"खेळात बघू."

"बघू. तोवर आजचं फलाफल माझ्याकडून. खाणार ना? की भ्याड?"

"खाणार! चाचा, माझ्या पावात मीठ नको."

"मीठ वाटणातच पडलंय, बाळा. तुझ्या बहिणीने आल्या आल्या तेच विचारलं होतं."