शांतवन मिस्त्रीची चौथी भिंत

मंडळी, आधी एक प्रश्न. धैर्य कशाला म्हणायचं? साप दिसला आणि काठी उचलली — ते धैर्य? ते तर आपल्या सगळ्यांकडे आहे. निदान साप निघून गेल्यावर तरी! पण चारचौघांत उभं राहून "माझं चुकलं" म्हणायचं — बोला, किती जणांना जमतं? का हो, सगळे एकदम खाली का बघायला लागलात?

मग ऐका! आपल्या नगर जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगत नाही. इथले निम्मे लोक तिथले पाहुणे निघतील! त्या गावी शांतवन नावाचा गवंडी. दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली विटा लावल्या, आणि मिस्त्री म्हणून पहिलं काम मिळालं ते कशाचं? प्रभू येशूच्या मंदिराचं! काय तो उत्साह! सूर्य उगवायच्या आत हा बांबूच्या परांचीवर चढलेला.

पण गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच इस्राएलबाबा — जिभेला धार — ते म्हणाले, "पोरगं नवखं आहे. आधी शेळ्यांचा गोठा द्यायचा होता. शेळ्या तक्रार करत नाहीत!"

शांतवनला ते लागलं. काम साधलं तर मिस्त्री. फसलं तर जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली.

तीन भिंती उभ्या राहिल्या. चौथी, वेदीमागची, सुरू होती आणि त्याचा ओळंबा फुटला. ओळंबा तुम्ही पाहिलाय — दोरी, खाली लोखंडी लोळा, वर त्याच मापाचा लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला टेकवायचा, लोळा खाली सोडायचा. लोळा भिंतीला नुसता शिवला की भिंत सरळ. तर त्या ठोकळ्यावर वीट पडली! नवा आणायला तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडणार. शांतवननं बाभळीचा तुकडा घेतला, तासला, भोक पाडलं — झाला ठोकळा! लोळ्याशी ताडून बघायचा तेवढा राहिला. लोळ्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढा जास्त जाड होता तो ठोकळा.

आता गंमत बघा! शांतवन बाहेरून ओळंबा लावायचा; भिंत आत झुकत चालली होती, आणि ओळंबा दर थराला सांगत होता — सरळ आहे, मिस्त्री, सरळ आहे!

गुरुवारी दुपारी, गिलावा वाळल्यावर, वेदीमागे क्रूस टांगला. चांगला सागवानी क्रूस, भिंतीच्या माथ्याजवळच्या कडीतून लांब साखळीनं सोडलेला. रविवारी मंदिर प्रभूला अर्पण करायची उपासना. शांतवन लांबून बघायला मागे सरला — आणि जागीच थांबला. क्रूस सरळ लोंबत होता. मग त्याच्या खालच्या टोकामागे फट कसली? जवळ जाऊन त्यानं बोट घातलं. अख्खं बोट गेलं.

त्यानं खिशातला ठोकळा काढला, लोळ्याला लावला. दाण्याएवढा बाहेर!

मेहुणा लाझर हाताखाली होता. तो म्हणाला, "अहो दाजी, मागे लाकडाची चीप मारू! कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना."

"भिंत उद्या पडणार आहे का?"

"उद्या नाही. परवाही नाही. दहा वर्षांनी, एखाद्या वादळात... आणि पडेल ती आत. उपदेशाला उभ्या पाळकसाहेबांच्या टाळक्यावर!"

"तोवर त्यांची बदली होईल हो!"

हसलात? शांतवनलाही हसू आलं. पण बोट पुन्हा फटीत गेलं. तो क्रूसाकडे बघून हळूच म्हणाला, "प्रभू, मिस्त्री व्हायचं होतं रे मला." एवढीच प्रार्थना. लांबलचक नाही, बरं का! आणि तसाच, चुन्याच्या हातांनी, पाळकसाहेबांच्या ओसरीवर गेला. पंच तिथेच बसलेले.

"साहेब, चौथी भिंत वाकडी आहे. माझ्या ठोकळ्यानं झाली. पाडावी लागेल. मीच पाडतो, मीच परत उभी करतो."

इस्राएलबाबा ताडकन उठले. "रविवारी चार गावचे पाहुणे यायचेत! त्यांना काय दाखवू, भोक?"

"दाखवा, बाबा. कुणी पाडली विचारलं, तर माझं नाव सांगा."

पाळकसाहेब उठले. मग चपला घालत म्हणाले, "चला. विटा उतरवायला माणसं लागतील."

शुक्रवार, शनिवार — अख्खी मंडळी रांगेत. वीट या हातातून त्या हातात. छत बाजूच्या भिंतींवर होतं, ते जागच्या जागी राहिलं. आणि रविवारी तीन भिंतींच्या मंदिरात उपासना झाली! वेदीमागे उघडं शिवार, हरभऱ्यावरून येणारा गार वारा, आणि छताच्या तुळईला टांगलेला क्रूस. मागे भिंतच नाही — तरी सरळ!

उपासना संपल्यावर इस्राएलबाबा काठी टेकत आले. शांतवन मान खाली घालून उभा.

"ए पोरा, माझ्या नातवाचं घर बांधायचंय. कधी येतोस?"

"मी? बाबा, माझी भिंत तर..."

"तुझी भिंत बघितली. पाडलेली बघितली! तू उभ्या केलेल्या भिंतीखाली मी डोळे मिटून निजेन. बोल, कधी येतोस — मिस्त्री?"

मंडळी, त्या एका शब्दासाठी शांतवननं तीन भिंती उभ्या केल्या. पण मिळाला तो चौथी पाडली तेव्हा!

आता तुमच्याकडे येतो. खाली बघू नका, माझ्याकडे बघा. तुमच्या खिशात स्वतःच तासलेला ठोकळा आहे का? रोज स्वतःला लावता आणि म्हणता, सरळ आहे, सरळ आहे! घरी जायच्या आधी एकदा प्रभूच्या क्रूसाजवळ उभे राहा. फट दिसली, तर चीप शोधू नका.

बोट घाला. आणि मग विटा उतरवायला हाक मारा — आम्ही येतो!