रजेतला शौक

“दारूचं परमिट न्हाई आपल्याकडं, बोभाटा नको. ती बोलत न्हाई, तवा तिलाच चाखायला देऊ.” थोरले दीर ह्यांना हळूच सांगत होते. ‘ती’ म्हणजे मी, दाराआड कांदा चिरत बसलेली.

लग्नानंतर हे पहिल्यांदाच फौजेतून महिन्याच्या रजेवर आलेले. माहेरी वाईला जोडीनं जायचं ठरलं होतं, ते रोज उद्यावर जायचं. कारण दोघा भावांचा वाद मिटत नव्हता: पुढं पेन्शनीत निघाल्यावर शौक कुठला करायचा?

“अण्णा, कॉकटेलच! मेसमधी रममध्ये लिंबू-साखर घालून सायबांना मीच देतो. हात बसलाय माझा.”

“आरं, ते सरबत झालं! वाइन घोटभर तोंडात फिरवायची आन् द्राक्षं कुठल्या मळ्यातली ते सांगायचं.” त्यासाठी अण्णांनी कुंडलची द्राक्षं माझ्या रुखवतातल्या बरणीत कुजवली होती.

रजेचे दोन दिवस उरले आणि दोन पेले माझ्यापुढं आले. थोरल्या दिरांसमोर मी तोवर तोंड उघडलं नव्हतं.

“बोल की गं, कुठलं बरं?” हे म्हणाले.

मी दोन्ही पेले खाली ठेवले आणि म्हणाले, “अख्ख्या रजेत तुमी मला काही विचारलंत, ते आज पहिल्यांदा.”