भास्करनानाच्या स्पीकरची वाटणी

मंडळी, अक्का, नानाच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात, हॉल भरला. मला बोलणं जड जातंय, पण दुःखानं कमी, रागानं जास्त. मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गोड बोलायची सवय नाही.

आत्ता चौघं बोलून गेले, नाना फार प्रेमळ होता म्हणून. साफ खोटं. भास्करनाना खडूस होता. टेप चालू असली की मला चहाचा फुरका मारू द्यायचा नाही.

सागवानी पेट्या ठोकून दोन स्पीकर त्यानं स्वतः बनवले. आतला माल मी आणला. पहिल्या दिवशी मी ते भिंतीला चिकटवून ठेवले, तर म्हणाला, "तुले रिपेरी येस, ऐकाले येत नही." मग दोरी काढली. दोन स्पीकरांत जेवढी दोरी, तेवढीच प्रत्येकापासून खुर्चीपर्यंत. भिंतीपासून हातभर पुढे. खाली विटा, कानाच्या उंचीला. तोंडं जराशी आत, खुर्चीकडे. महिनाभर बोट बोट सरकवत होता. जमलं, तेव्हा गाणारी बाई मधल्या मोकळ्या भिंतीपाशी उभी राहून गातेय असं वाटलं. मग त्यानं शहाबादी फरशीवर लाल ऑइलपेंटनं खुणा केल्या. "बठ्ठं बरोबर शे. आते हात लावू नको." सगळं बरोबर आहे, आता हलवायचं नाही.

तुम्ही हसलात. हो, तुम्हीच. कुणी स्पीकरवर फुलदाणी ठेवली, कुणी विणलेला रुमाल घातला. वेडा म्हणालात. आज हार घेऊन आलात.

आणि त्या खुर्चीत कोण बसायचं, माहीत आहे? नाना नाही. नाना दाराशी पाटावर. खुर्चीत अक्का, त्याची बायको. ते सगळं मोजमाप अक्कांच्या कानाचं होतं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मी डोळ्यांनी पाहिलं.

काल नानाच्या घरी गेलो. खुणा आहेत, स्पीकर नाहीत. विजय, तू थोरला, एक धुळ्याला नेलास. सुनील, तू धाकटा, एक चाळीसगावला. सारखी वाटणी, भांडण नको. अरे, बैलजोडीतला एकेक बैल नेऊन कुणाचं शेत नांगरलं जातं? अक्का त्याच खुर्चीत बसल्या होत्या, भिंतीकडे बघत. मला म्हणाल्या, "आठवण म्हणून नेलं पोरांनी, राहू द्या."

मी राहू देणार नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू. विजय, सुनील, पुढे या. ही नानाची दोरी, माझ्याकडेच राहिली होती. एकेक टोक धरा. ताणा. भिंतीला चिकटू नका, हातभर पुढे. तोंड आईकडे. अजून जरा आत वळा.

बस. आता कुणी हलू नका.

नाना, नमस्कार.